'माइट अँड मेन'मधला मेन कोण?

प्रश्न असा आला आहे: एका जुन्या इंग्रजी सागरकथेचं भाषांतर करताना वाक्य लागलं, की वादळात नावाडी 'विथ माइट अँड मेन' वल्ही मारू लागले. 'माइट' म्हणजे सामर्थ्य हे ठीक. पण 'मेन' म्हणजे मुख्य, मग 'सामर्थ्य आणि मुख्य' असं कसं? छापताना काही चुकलं आहे का, की हा 'मेन' दुसराच कोणी आहे?

छापताना काही चुकलेलं नाही. हा मेन म्हणजे बळ. इंग्रजीतला बळासाठीचा हा फार जुना शब्द. नाम म्हणून तो आता एकटा फिरत नाही, 'माइट'चा हात धरूनच दिसतो. आणि ज्या 'मेन'चा अर्थ आपण 'मुख्य' असा लावतो, ज्यावरून आपण 'मेन रोड', 'मेन स्विच', 'मेन म्हणजे काय झालं माहितीये का' असं दिवसभर बोलत असतो, तो याच घरातला. तुमचं वाक्य दोन शब्दांत उरकता आलं असतं, पण तीस वर्षं इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवल्यावर आणि त्याच्या जोडीनं भाषांतरं केल्यावर या शब्दाची गोष्ट थोडक्यात सांगणं मला जमत नाही. चहा घेऊन बसा.

आधी ही जोडी. बोलताना आपण 'बाजारहाट' म्हणतो. 'बाजारहाट करून येते.' यातला बाजार सगळ्यांना कळतो. हाट? संस्कृत 'हट्ट'पासून आलेला, बाजार याच अर्थाचा शब्द. हिंदीत आणि बंगालीत तो ठणठणीत आहे, पण आपल्याकडे शहरी बोलण्यात कोणी 'मी हाटात जाते' म्हणत नाही. फारशीतून आलेला 'बाजार' जागेवर बसला आणि जुना 'हाट' त्याच्या शेपटीला लटकून राहिला. 'मेन'चं तेच झालं. दोन समानार्थी शब्द शेजारी ठेवायचे आणि दोघांचा आरंभ एकाच अक्षरानं करायचा, ही जुन्या इंग्रजी कवितेची हौस होती. तिथे यमक शेवटी नव्हे, शब्दाच्या तोंडाशी जुळवत. अशा जोड्या जिभेवर घट्ट बसतात, आणि एकाचा अर्थ विसरला तरी लोक जोडी सोडत नाहीत. शाळेत आपण 'टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन' पाठ केलं आणि समुद्राची भरती डोळ्यांसमोर आणली, तेही असंच. तिथला 'टाइड' मुळात वेळच, जर्मन 'त्साइट'चा भाऊ. भरती-ओहोटीचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

आता मूळ शब्द. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार-बाराशे वर्षांपूर्वी, तो 'मॅयन' असा काहीसा उच्चारत आणि लिहिताना मध्ये 'ग' चं अक्षर लिहीत. अर्थ अंगातलं बळ, ताकद. 'बेओवुल्फ' या महाकाव्यात नायकाची ओळख करून देताना म्हटलं आहे की त्याच्या मुठीच्या पकडीत तीस माणसांचं बळ आहे. तिथला शब्द आहे 'मॅयन-क्रॅफ्ट'. यातला दुसरा तुकडा ओळखीचा वाटला ना? तोच, हस्तकलेच्या तासाचा 'क्राफ्ट'. त्याचाही जुना अर्थ बळ. जर्मन 'क्राफ्ट' अजून तोच अर्थ धरून आहे, वीजनिर्मिती केंद्राला जर्मनीत 'क्राफ्टवेर्क' म्हणतात. इंग्रजीत मात्र बळाचं कसब झालं, कसबाचा धंदा झाला, आणि आज तो शब्द कागदी फुलं करतो. म्हणजे 'मॅयन-क्रॅफ्ट' हा बळ-बळ असा जोडशब्द होता, आणि दोघांनीही पुढे बळाची नोकरी सोडली.

पण या शब्दाची खरी ओळख व्हायला हवी ती ९९१ सालच्या एका हरलेल्या लढाईत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समध्ये, मॉल्डन नावाच्या गावाजवळ व्हायकिंगांची टोळी उतरली. तिथला सरदार ब्युर्ख्टनोथ त्यांना आडवा गेला आणि मारला गेला. त्याच वर्षी इंग्रजांनी हल्लेखोरांना दहा हजार पौंड चांदी मोजून परत पाठवलं, अशी नोंद तिथल्या बखरीत आहे. या लढाईवर कोणा अनाम कवीनं कविता लिहिली. तिची सुरुवात आणि शेवट हरवले आहेत, जेमतेम सव्वातीनशे ओळी हाती आहेत, आणि त्याही नशिबानं. १७३१ मध्ये लंडनला ज्या ग्रंथसंग्रहाला आग लागली त्यात हिचं हस्तलिखित जळालं, पण कोणीतरी त्याआधी नक्कल उतरवून ठेवली होती. 'बेओवुल्फ'ची एकमेव प्रतही त्याच आगीत होती. ती कडा करपून बचावली.

कवितेच्या अखेरीस सरदार पडला आहे, काही जण पळाले आहेत, आणि उरलेल्या मूठभर लोकांसमोर ब्युर्ख्टवोल्ड नावाचा म्हातारा शिपाई ढाल उंचावून बोलतो. त्याच्या ओळींचा भावार्थ असा: निर्धार अधिक कणखर हवा, काळीज अधिक धीट, उमेद अधिक मोठी, जसजसं आपलं बळ ओसरेल तसतशी. या 'बळ'च्या जागी मूळात 'मॅयन' आहे. मनाच्या ताकदीला कवीनं तीन वेगवेगळे शब्द वापरले, शरीराच्या ताकदीला हा एकच.

मी हे वर्गात शिकवायचे तेव्हा मुलं विचारायची, ओसरतंय ते नेमकं काय? दमलेल्या हातांतली शक्ती, की माणसांची संख्या? उत्तर दोन्ही. कारण 'मॅयन'चा दुसरा रूढ अर्थ होता सैन्य. इंग्रज टीकाकारांना इथे तळटीप द्यावी लागते. मराठीला लागत नाही. आपला 'बळ' हुबेहूब असाच वागतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन द्रोणांना म्हणतो, 'अपर्याप्तं तदस्माकं बलं भीष्माभिरक्षितम्'. तिथे बल म्हणजे फौज. आज आपण 'राज्य राखीव पोलीस बल' म्हणतो, निवडणुकीनंतर 'संख्याबळ' मोजतो, कार्यालयात 'मनुष्यबळ' कमी पडतं. 'आपलं बळ ओसरतंय' असं मराठीत म्हटलं की थकलेले खांदेही दिसतात आणि रिकाम्या झालेल्या रांगाही. या एका ओळीपुरतं मराठी भाषांतर आधुनिक इंग्रजी भाषांतरापेक्षा मूळाच्या जवळ जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. आधुनिक इंग्रजीत 'स्ट्रेंग्थ' घालतात आणि काम भागवतात. ते वाईट नाही, पण त्यात ढाली ऐकू येत नाहीत.

शब्दाचं गोत्र मोठं आहे. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेत तो 'मेगिन'. चित्रपटांमुळे थॉर आता घरोघरी माहीत झाला आहे, त्याचा हातोडाही. मूळ कथांमध्ये त्याच्याकडे एक कमरपट्टाही आहे. तो आवळला की त्याचं बळ दुप्पट होतं. त्या पट्ट्याचं नाव 'मेगिनग्यर्दार', बळाचा पट्टा. जुन्या जर्मन भाषांत तोच शब्द 'मागन' किंवा 'मेगिन' होऊन माणसांच्या नावांत शिरला. 'मागन' आणि 'हार्ड' म्हणजे कणखर, मिळून नाव झालं 'मागनहार्ड'. ते फ्रेंचांच्या तोंडून इंग्लंडला पोचेपर्यंत 'मेनार्ड' झालं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, जॉन मेनार्ड केन्स यांच्या नावाच्या मधोमध हा आपला मेन बसलेला आहे.

मग 'मॅयन'चा 'मेन' झाला कसा आणि मधला ग गेला कुठे? हा भाग मला सगळ्यांत आवडतो, म्हणून जरा रेंगाळते.

इंग्रजीत काही स्वरांच्या शेजारी आलेला ग मऊ होत होत य झाला, आणि मग तो य आधीच्या स्वरात विरघळला. जर्मनमध्ये तो ग अजून शाबूत आहे, त्यामुळे दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. जर्मन 'टाग', इंग्रजी 'डे'. जर्मन 'रेगेन', इंग्रजी 'रेन'. जर्मन 'नागेल', इंग्रजी 'नेल'. जर्मन 'हागेल' म्हणजे गारा, इंग्रजी 'हेल'. आणि त्याच वाटेनं 'मेगिन'च्या कुळातला इंग्रजी 'मेन'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये या शब्दांत जो 'आय' किंवा 'वाय' दिसतो, ती त्या मेलेल्या ग ची समाधी आहे.

हे परकं वाटत असेल तर नकाशा उघडा. संगमनेर, पारनेर, अंमळनेर, पिंपळनेर. हा 'नेर' म्हणजे नगर. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ग गळून पडला आणि तिथे य चा हलका सूर आला. नगर, नयर, नेर. जुन्नरचं मूळही जीर्णनगर असं सांगतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि एसेक्सच्या दलदलीत, एकमेकांचा वारा न लागलेल्या लोकांच्या जिभांनी एकाच व्यंजनाला एकाच रीतीनं वितळवलं. मी हे पहिल्यांदा वर्गात फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा संगमनेरचा एक मुलगा ताठ बसला होता. आपल्या गावाच्या नावात ध्वनिशास्त्र आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता शब्दाच्या मुळाशी जाऊ. भाषाशास्त्रज्ञ ज्या आदिम इंडो-युरोपीय धातूपर्यंत हा शब्द नेतात, त्याचा अर्थ 'समर्थ असणं, अंगात जोर असणं'. त्याच धातूपासून 'माइट' हे नाम आलं, म्हणजे 'माइट अँड मेन' ही सख्ख्या भावंडांची जोडी आहे. जर्मन 'माख्त' म्हणजे सत्ता, तीही इथलीच. रशियन माणूस 'मगू' म्हणतो, 'मी शकतो', तेही हेच. बहुतेक प्रचलित कोश ग्रीकमधून आलेला 'मशीन' आणि 'मेकॅनिक'सुद्धा याच मुळाखाली घालतात. 'डिस्मे' हा शब्द पाहा. फ्रेंचच्या वाटेनं आलेला, मूळ अर्थ बळ काढून घेणं. स्पॅनिशमध्ये त्याच्या भावाचा अर्थ होतो मूर्च्छा येणं. 'अवसान गळालं' असं आपण म्हणतो तेव्हा तीच कल्पना असते, आत काहीतरी होतं ते खाली वाहून गेलं.

पण या घराण्यातला सगळ्यांत गरीब दिसणारा आणि सगळ्यांत राबणारा सदस्य म्हणजे 'मे'. 'मे आय कम इन, मॅडम?' वर्गाच्या दारात उभं राहून लाखो मुलं रोज जे विचारतात, त्या 'मे'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ परवानगी नव्हताच. 'इच मॅय' म्हणजे 'माझ्यात तेवढं बळ आहे', थोडक्यात 'मी शकतो'. आणि 'कॅन'चा? 'कॅन' म्हणजे जाणणं. तो 'नो' या क्रियापदाचा आणि आपल्या 'ज्ञा', 'जाणणे' यांचा नातेवाईक. पोहण्याची विद्या अवगत असेल तर 'कॅन', पोहण्याइतकी ताकद अंगात असेल तर 'मे'. पुढे 'कॅन'नं दोन्ही कामं बळकावली आणि 'मे' बिचारा परवानगी आणि शक्यता यांच्यात दारोदार फिरायला लागला.

आता मराठी वाक्य ऐका: 'मला पोहता येतं, पण अंगात ताप आहे, आज पोहू शकत नाही.' यातलं 'येतं' म्हणजे जुना 'कॅन', आणि 'शकत' म्हणजे जुना 'मे'. जो भेद इंग्रजीनं हजार वर्षांत पुसून टाकला तो आपण रोज, विचारही न करता, पाळतो. शिवाय आपलं 'शकणे' आणि 'शक्ती' एकाच 'शक्' धातूचे, जसे 'मे' आणि 'मेन' एका धातूचे. बळासाठीचं नाम आणि 'करू शकतो' मधलं सहाय्यक क्रियापद एकाच पोटी जन्मावं, ही गोष्ट दोन्हीकडे घडली आहे. तरी आपली इंग्रजी माध्यमातली मुलं हल्ली 'मी पोहू शकतो' हेच दोन्हींसाठी वापरतात. ऐकलं की मी चरफडते. माझ्या सुनेला ते पटत नाही, आणि तिचंही चूक नसेल.

इथे एक सावधगिरीची सूचना. 'मेन म्हणजे आपला महा' असं लिहिलेले संदेश फिरत असतात. दिसायला मोहक, पण नातं चुकीचं. 'महा', लॅटिन 'माग्नुस', ग्रीक 'मेगास' यांचा धातू वेगळा. त्या धातूतला ग जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या कुळात, शिरताना नियमानं क झाला, त्यामुळे 'महा'चा इंग्रजी भाऊ शोधायचा तर तो आहे 'मच', आणि जुना 'मिकल', स्कॉटलंडमध्ये 'मकल'. 'मेन'च्या मुळाशी घ होता, तो तिकडे ग झाला. व्युत्पत्तीत चेहरेपट्टीवर जाऊ नये, पिढ्यांनुसार नियम लावत जावं. आता 'मुख्य' या अर्थाच्या विशेषणावर, नॉर्मन लोक आल्यानंतर, 'माग्नुस'च्या एका फ्रेंच वंशजाची थोडी सावली पडली असावी असं कोश नोंदवतात. ती सावली विशेषणावरची. तुमच्या वाक्यातल्या नामाला तिचा स्पर्श नाही.

नॉर्मन म्हटलं की आणखी एक गोष्ट आली. १०६६ नंतर इंग्लंडची सत्ता फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेली आणि सत्तेचे शब्दही बदलले. 'पॉवर' १३०० च्या सुमारास फ्रेंचमधून आला, 'फोर्स' तिकडूनच, 'प्युइसन्स' हा भारदस्त शब्दही. तो आता घोड्यांच्या उंच भिंतीवरच्या उडीच्या स्पर्धेत तेवढा उरला आहे. या 'पॉवर'चं मूळ मात्र आपल्या घराच्या अगदी जवळचं: संस्कृत 'पति', म्हणजे स्वामी, याच्याशी ते जोडलेलं आहे. ग्रीक 'डेस्पॉट' म्हणजे हुकूमशहा आणि आपला 'दंपती' यांचं मूळ तर शब्दशः एक, घराचा धनी. लग्नपत्रिकेत 'नवदंपती' वाचताना हे आठवलं की बरं वाटतं की वाईट, ते ज्याचं त्यानं ठरवावं. सांगायचं हे, की हे नवे शब्द आल्यावर 'मेन'ला बळाची जागा रिकामी करावी लागली. राज्यकर्त्यांच्या भाषेशी जुनं गावठी बळ किती झुंजणार? फारशी आल्यावर आपल्याकडे 'ताकद' आणि 'जोर' आले, तरी 'बळ' टिकलं. इंग्रजीतल्या मेनला ते भाग्य लाभलं नाही.

पण तो मेला नाही. त्यानं धंदा बदलला. 'बाय मेन फोर्स' असा प्रयोग रूढ होता, म्हणजे निव्वळ बळानं, मनगटाच्या जोरावर. इथे 'मेन' विशेषणासारखा उभा आहे. बळकट ते मोठं, मोठं ते सगळ्यांत मोठं, सगळ्यांत मोठं ते प्रमुख. अर्थ असा पायरी-पायरीनं सरकला. खेड्यातला पैलवान हळूहळू सरपंच व्हावा तसा. काही बोलींमध्ये तो 'फार' याही अर्थानं वापरत, 'मेन ग्लॅड' म्हणजे लई खूश. आपल्याकडे वजनाचा 'भारी' जसा कौतुकाचा झाला, त्यातलाच प्रकार.

मोठं म्हणून सलग पसरलेली जमीन झाली 'मेनलँड', आणि सलग पसरलेला खुला समुद्र झाला 'मेन सी'. गोंधळ इथून सुरू होतो, कारण दोघांचंही लघुरूप झालं 'मेन'. एकाच शब्दाचा अर्थ जमीन आणि समुद्र! जॉन डन या कवी-धर्मोपदेशकाचं १६२४ सालचं प्रसिद्ध वाक्य आठवा, कोणीही माणूस बेट नसतो, प्रत्येक जण खंडाचा तुकडा, 'अ पार्ट ऑफ द मेन'. तिथे मेन म्हणजे मुख्य भूमी, समुद्रानं ढेकूळ जरी वाहून नेलं तरी युरोप तेवढा कमी होतो असं पुढे म्हटलंच आहे. 'स्पॅनिश मेन' म्हणजे कॅरिबियन समुद्राला लागून असलेला अमेरिकेचा स्पेनच्या ताब्यातला किनारा, आजचे पनामा, कोलंबिया, व्हेनेझुएला या बाजूचा. पुढे चाच्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी तेच नाव समुद्रालाही लावून टाकलं.

यात मी स्वतः बुडाले आहे. पंचविशीत मुलांसाठी चाचेगिरीची एक गोष्ट भाषांतरित केली होती. जहाज 'मेन'वरून दौडत होतं. मी 'मेनलँड' गृहीत धरलं आणि लिहिलं, 'गलबत मुख्य भूमीवरून वेगानं निघालं.' संपादकांनी समासात पेन्सिलनं एवढंच लिहून पाठवलं: 'चाकं कधी बसवली?' तो कागद मी अजून जपला आहे. तुमची कथाही सागराची असल्यामुळे सांगते: पुढच्या पानांवर 'मेन' पुन्हा भेटेल, आणि प्रत्येक वेळी तो वेगळा माणूस असेल. होडीच्या खाली असेल तर समुद्र, क्षितिजावर असेल तर जमीन, नावाड्याच्या दंडात असेल तर बळ. 'अमेन' असा जोडून आला, तर प्रार्थनेच्या शेवटचा 'आमेन' समजू नका. ते जुनं क्रियाविशेषण आहे, 'पूर्ण जोरानं', 'एकदम'. जहाजावरच्या आरोळ्यांत ते सापडतं.

या गोंधळाची मजा शेक्सपिअरनं पुरेपूर लुटली. 'सहावा हेन्री' नाटकाच्या दुसऱ्या भागात, पहिल्याच प्रवेशात, राजानं लग्नापायी फ्रान्समधले आंजू आणि मेन हे प्रांत सासऱ्याला देऊन टाकले आहेत. सॉल्सबरी म्हणतो, चला, आता 'मेन'कडे लक्ष देऊ, म्हणजे मुख्य डावाकडे. फाशांच्या खेळातही 'मेन' असे. वॉरिकच्या कानाला तो शब्द झोंबतो. मेन? मेन तर गेला, जो मेन मी 'बाय मेन फोर्स' जिंकला होता! तीन-चार ओळींत डाव, प्रांत आणि बळ असे तिन्ही मेन एकमेकांवर आदळतात. मराठीत हे आणण्याचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा सोडून दिला. कोणाला जमलं तर जरूर कळवा.

तोतये मेन चटकन ओळखून घ्या. 'मेन्टेनन्स', ज्यावरून सोसायटीच्या सभेत भांडणं होतात, त्यातला मेन फ्रेंच, अर्थ हात. मेन्टेन म्हणजे हातात धरून ठेवणं. मॅन्युअल, मॅन्युस्क्रिप्ट त्याच हाताचे. आपल्या बळाशी त्याचा काही संबंध नाही. उलट मेन स्विच, पाण्याची मेन लाइन, मुंबईत हार्बरपासून वेगळी ओळखायची म्हणून म्हणतो ती मेन लाइन, हे सगळे खरे वारस.

आता तुमचे नावाडी इतका वेळ वादळात थांबले आहेत.

'सर्व सामर्थ्यानिशी' लिहू नका. ते मंत्रालयाच्या परिपत्रकातलं वाटतं. 'जिवाच्या आकांतानं' वाईट नाही, पण त्यात ओरडणं आणि भीती अधिक आहे, आणि 'माइट अँड मेन'मध्ये भीती नाही, जोर आहे. 'जिवाचं रान करून' यात दिवसांचे दिवस चालणारे कष्ट येतात. मुलीच्या शिक्षणासाठी बाप जिवाचं रान करतो, वल्हं मारताना नाही. 'आटापिटा' तर केविलवाणा. 'प्राणपणानं' लढाईत शोभेल, तुमच्या पुस्तकात पुढे चकमक असेल तर तिथे राखून ठेवा.

निवेदक भारदस्त असेल तर: 'अंगातलं होतं नव्हतं ते सगळं बळ एकवटून नावाडी वल्ही मारू लागले.' यात 'बळ' हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, मॉल्डनच्या म्हाताऱ्याला स्मरून. आणि ते वाक्य एखाद्या खलाशाच्या तोंडी असेल, किंवा निवेदनच तसं रांगडं असेल, तर मागेपुढे न पाहता लिहा: 'जीव खाऊन वल्ही मारली.'

मी असते तर दुसरं घेतलं असतं. फक्त आधीच्या वाक्यात 'लाटा जहाज खाऊ पाहत होत्या' असं काही लिहून बसला असाल, तर ते बदला, दोन 'खाऊ' जवळजवळ येतील.